मदत हवी आहे: पुराचा जुना व्हिडिओ मुळात कधीचा, हे कसं शोधायचं?

पावसाळ्यात 2019 च्या पुराचे व्हिडिओ ‘आत्ताचं कोल्हापूर’ म्हणून फिरतात. पहिली पोस्ट शोधायला क्राउडटँगल हे फेसबुक-इन्स्टावरच्या पोस्ट शोधायचं साधन होतं. फेसबुकची कंपनी मेटाने ते 14 ऑगस्ट 2024 ला बंद केलं, आणि त्याजागी आलेली नवी कंटेंट लायब्ररी सरसकट बातमीदारांना मिळत नाही. हे फार नुकसानीचं झालं.

सध्याची पद्धत: दुकानाची किंवा एसटीची पाटी दिसेल अशा पाच-सहा फ्रेम काढायच्या, वरची मजकुराची पट्टी कापायची, मग चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्स आणि यांडेक्स (रशियन सर्च इंजिन) दोन्हीकडे टाकायच्या. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर फ्रेम आधी सुलटी करून घ्यायची, नाहीतर शोध फसतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओत मूळ तारखेची नोंद सहसा उरत नाही.

पण नुसतं गढूळ पाणीच दिसत असेल आणि आवाजही बदललेला असेल, तर? फेसबुक-इन्स्टावरची सर्वांत जुनी मराठी पोस्ट तारखेनुसार शोधायचा फुकट मार्ग कुणाला माहीत आहे का? तालुक्याच्या वार्ताहराला जमेल असा सांगा.