स्पीकर बदलले, घर तेच: गोव्यातले तुमचे अनुभव लिहा

पर्वरी
बारा वर्षं बुकशेल्फ स्पीकरवर ऐकलं आणि गेल्या चतुर्थीआधी मनाचा हिय्या करून जमिनीवर उभे राहणारे उंच फ्लोअरस्टँडर आणले. दुकानात तानपुरा असा पसरला होता की डोळे आपोआप मिटले. घरी मात्र काळी एक पट्टीचा खर्ज, म्हणजे खालचा सा, नुसता घोंघावत राहिला, गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडाला. दोन महिने अँप्लिफायर (अँप) बदलू की केबल, एवढंच डोक्यात. शेवटी टेप घेऊन हॉल मोजला, लांबी बरोबर ५ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एवढ्या लांबीत ३४ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ६९ च्या आसपास, लाटा दोन भिंतींमध्ये अडकून फुगतात. काळी एकचा खर्ज नेमका ६९! फुगवटा भिंतीलगत सगळ्यात जास्त, आणि आमचा सोफा भिंतीला टेकलेला. तो सव्वा मीटर पुढे ओढला. खर्ज जागेवर बसला, तानपुऱ्याच्या तारा सुट्या झाल्या. स्वयंपाकघरातून बायको येऊन म्हणाली, "परत काही नवीन आणलंत का?"

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. खोली कशी आहे आणि पावसाळ्यात काय होतं, हे मुद्दाम सांगा.

डिचोली
आमचं जुनं घर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मध्ये माळा नाही. घोंघावणं कधी झालंच नाही, उलट लहान स्पीकर इथे अगदीच किरकोळ वाटायचे. मी पारख घुमटावर, म्हणजे चामडं ताणलेल्या मातीच्या मडक्याच्या वाद्यावर, करतो. भावाने आरतीला वाजवलेलं घुमट ओसरीवरच रेकॉर्ड केलंय. मडक्याचं मागचं तोंड डाव्या हाताने झाकलं-उघडलं की आवाजाला जे वळण येतं, ते तीन जोड्यांपैकी एकीतच नीट उमटलं. किमतीने ती मधली होती. तीच घेतली.

वास्को
पावसाळ्याचं विचारलंत म्हणून. मुंबईहून एका नामवंत कंपनीची जुनी जोडी आणली होती. दुसऱ्या पावसाळ्यात बेस फाटल्यासारखा यायला लागला. जाळी काढून वूफरच्या कडेला बोट लावलं, तर काळा चिकट भुगा बोटावर आला. ती कड पॉलियुरेथेन फोमची, दमट हवेत वर्षागणिक विरत जाते. कारागिराने नवी कड चिकटवून दिली, जोडी वाचली. जुनं घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, जाळी काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मी आता रबरी कडेचेच घेतो.

फोंडा
मी उलट्या वाटेने गेलो, मोठे विकून लहान घेतले. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर घडवला, त्याच वळणाचे. ऐकतो ते बहुतेक जुनं गाणं. आमच्या केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्या काळच्या तबकड्यांत खोल बेस नाहीच, जे आहे ते सगळं मधल्या पट्ट्यात. तिथे आवाज खरा हवा. त्यांची तान सुटते तेव्हा खोलीत त्या बसल्यात असं वाटतं, मला याहून जास्त काही नको.

मडगाव
दोन जोड्या घरी आणून तुलना करणार असाल तर आधी आवाज सारखा करा. माझी जुनी जोडी एका वॅटला ८३ डेसिबल आवाज देणारी, नवी ८८. व्हॉल्यूम तोच ठेवला तर नवी मोठ्याने वाजते, आणि जे मोठ्याने वाजतं ते कानाला सरस वाटतं. हा ५ डेसिबलचा फरक भरून काढायला अँपची तिपटीहून जास्त ताकद लागते. पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेला सरसर आवाज, लावून, बसायच्या जागी फोनवरच्या मीटरने दोन्ही सारख्या केल्या. मुलीला वायरी बदलायला बसवलं, मी पाठ करून ऐकलं. दुकानात जाणवलेली झळाळी निम्मी उतरली. उरली ती खरी होती: झांजेचा नाद विरत विरत कुठे संपतो, ते नव्या जोडीत ऐकू येत होतं. पैसे त्यासाठी मोजले.

पर्वरी
डिचोलीकर, ते घुमटाचं रेकॉर्डिंग मिळेल का? माझ्या हॉलमध्ये लावून बघायचंय.

डिचोली
देतो की. पण आधी रविवारी इथे या, जिथे वाजवलं तिथेच ऐका.