२००३ च्या युरोव्हिजनमध्ये ब्रिटनला शून्य गुण का मिळाले?

श्रुतिवेध (प्रश्न):
लाटव्हियातील रिगा येथे २४ मे २००३ रोजी झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेच्या अंतिम फेरीचे चित्रण नुकतेच पाहिले. लिव्हरपूलच्या ‘जेमिनी’ या जोडीने ब्रिटनतर्फे ‘क्राय बेबी’ हे गीत गायले आणि २६ देशांत ब्रिटन शून्य गुणांसह शेवटचा आला. आदल्याच वर्षी संयुक्त तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या या देशावर अशी वेळ प्रथमच आली होती. बीबीसीचे समालोचक टेरी वोगन यांनी त्याचा संबंध इराक युद्धामुळे निर्माण झालेल्या रोषाशी जोडला. हे कारण जाणकारांना पटते का?

गांधार:
राजकारणाकडे वळण्यापूर्वी ते चित्रण डोळे मिटून पुन्हा ऐकावे, अशी विनंती आहे. पहिल्या ओळींपासूनच सूर लागलेला नाही. मंचावर साथसंगीत ऐकू येत नव्हते, असे या जोडीने नंतर सांगितले आणि ते खरे असूही शकेल. परंतु त्या वर्षी बहुतेक देशांत प्रेक्षकच दूरध्वनीवरून मते देत होते आणि घरी बसलेल्या श्रोत्याला मंचावरची ही अडचण कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

नीरक्षीर:
इराकचे कारण मला अपुरे वाटते. स्पेनच्या सरकारने त्या युद्धाला उघड पाठिंबा दिला होता आणि पोलंडने तर सैनिकही पाठवले होते. तरीही पोलंड ९० गुणांसह सातवा आणि स्पेन ८१ गुणांसह संयुक्त आठवा आला. विजेत्या तुर्कस्तानच्या संसदेने अमेरिकी सैन्याला वाट नाकारली होती, एवढ्यावरून कोणी उलट निष्कर्ष काढील, पण दोनच गुणांनी मागे राहिलेल्या बेल्जियमला हरवून मिळालेल्या विजयावर एवढा मोठा सिद्धान्त उभा राहत नाही.

श्रुतिवेध:
मान्य. पण गाणे बेसूर झाले तरी एवढ्या देशांतून एकही मत पडू नये, हे कसे?

गणितप्रेमी:
मते पडली असतीलच, गुण मिळाले नाहीत. प्रत्येक देश आपल्याकडील मतांत पहिल्या दहांत आलेल्या गीतांनाच १ ते ८, १० आणि १२ असे गुण देतो. शाळेच्या फळ्यावर फक्त पहिल्या दहांचीच नावे लिहावीत, तसे हे आहे. त्यामुळे जे गीत सर्वत्र बाराव्या-तेराव्या क्रमांकावर राहते त्याच्या हाती काहीच लागत नाही आणि जे निम्म्या युरोपला असह्य पण उरलेल्या निम्म्याला प्रिय असते ते वर चढते. शून्याचा अर्थ तिरस्कार असा लावणे, म्हणूनच, माझ्या मते चूक आहे.

२०२१ मध्ये रॉटरडॅमला ब्रिटनचे गायक जेम्स न्यूमन यांना परीक्षक आणि प्रेक्षक अशा दोन्ही बाजूंनी शून्य मिळाले, तेव्हा ब्रेक्झिटला दोष देणारे पुष्कळ होते. पुढच्याच वर्षी ट्युरिनला ब्रिटनचेच सॅम रायडर ४६६ गुणांसह दुसरे आले आणि परीक्षकांच्या गुणांत तर पहिले. ब्रेक्झिट तेव्हाही जागच्या जागीच होते.

गांधार:
नॉर्वेचे गायक यान टायगेन यांचेही उदाहरण पाहावे. १९७८ मध्ये पॅरिसला शून्य गुण मिळूनही त्यांचे ते गीत मायदेशी अतिशय गाजले आणि १९८३ मध्ये त्यांनी पुन्हा देशाचे प्रतिनिधित्व करून नववा क्रमांक मिळवला.