चर्चा: जठराचा कॅन्सर म्हटलं की तंबाखूच का? व्हायरसचं कोण बघणार?

खानापूरकर:
आपल्याकडे कुणाला पोटाचा कॅन्सर निघाला की पाहुणे आधी विचारतात, ‘काय खात होता?’ त्याने जन्मात पुडी हातात धरलेली नसली तरी. २०१४ साली अमेरिकेतल्या टीसीजीए, म्हणजे कॅन्सरच्या गाठींतली जनुकं तपासणाऱ्या प्रकल्पात जठराच्या २९५ गाठी तपासल्या. सुमारे ९ टक्के गाठींत एप्स्टाइन-बार, म्हणजे ईबीव्ही व्हायरस निघाला. दुर्बीण घालून तुकडा काढताच, तर कॅन्सर निघाल्यावर त्याच तुकड्यावर ही तपासणीही करा की!

निपाणीची वखार:
झालं, तंबाखू सुटली! अहो, ईबीव्ही जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात आहे. बहुतेकांना लहानपणीच लाळेतून होतो आणि मरेपर्यंत राहतो. चोरी झाली म्हणून अख्खं गाव चौकीत नेणार काय? इथं वखारीत तंबाखू चाळताना बायका दिवसभर खोकतात, ते आधी बघा.

खानापूरकर:
अंगात असणं वेगळं, गाठीत असणं वेगळं. पेशीत शिरल्यावर या व्हायरसच्या डीएनएची दोन टोकं जुळतात, आणि जुळलेल्या भागाची लांबी दर संसर्गात वेगळी येते. या गाठींत मात्र सगळीकडे एकच लांबी सापडते. म्हणजे गाठ वाढायच्या आधीच व्हायरस त्या पहिल्या पेशीत होता, मागून घुसलेला नाही. शिवाय या गाठींत डीएनएवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांचे इतके थर चढलेले असतात की पेशीला लगाम घालणारी जनुकं बंद पडतात.

स्लाइडवाली:
लॅबमध्ये काम करते म्हणून मध्ये बोलते. ईबीईआर तपासणीत, म्हणजे तुकड्यातला ईबीव्हीचा आरएनए रंगवून बघतात त्यात, गाठीच्या पेशींची केंद्रकं गडद दिसतात, शेजारची निरोगी ग्रंथी कोरी. बघितलं की शंका राहत नाही. पण दोघंही मोठ्या आरोपीला विसरलात! एच. पायलोरी. तो व्हायरस नव्हे, जिवाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच त्याला कॅन्सरकारक ठरवलं. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत कळतो, साधारण दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा जातो. ईबीव्हीला ना लस, ना तो अंगातून काढायचं औषध.

निपाणीची वखार:
हेच म्हणतोय मी! ज्यावर इलाज नाही त्याच्या तपासणीला गरिबाने पैसे का घालायचे? आमच्याकडं वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाणारे आहेत, त्यांची एच. पायलोरी तपासा.

स्लाइडवाली:
तपासा, जरूर. पण इलाज नाही असं सरसकट म्हणू नका. ईबीव्हीच्या गाठीत बऱ्याचदा पीडी-एल१, म्हणजे प्रतिकारशक्तीला थोपवणारं प्रथिन, जास्त असतं, त्यामुळे आजार पसरलेला असेल तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणाऱ्या औषधांचा विचार होतो. ती महाग आहे, सगळ्यांना लागू पडतेच असंही नाही. तरी ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरला विचारायला काय हरकत?

सदलगा एक्सप्रेस:
मग घरात एका ताटात जेवायचं नाही काय आता?

स्लाइडवाली:
जेवा हो. संसर्ग झालेल्या लाखोंपैकी फार थोड्यांना हा कॅन्सर होतो.

निपाणीची वखार:
तपासणीला माझी ना नाही. पण रिपोर्टात व्हायरस आला म्हणून कुणी बिडी परत पेटवली, तर खानापूरकर, तुम्हीच येऊन समजवा. धुरानं जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हेही सिद्ध झालेलं आहे.

खानापूरकर:
येतो की. तुम्ही तेवढं ‘काय खात होता’ विचारणाऱ्या पाहुण्यांना आवरा.