यादवी युद्धात मदतीला गेलेल्या नाशिककरांनो, लिहा

मोठमोठं नको. आपल्या हातांनी काय केलं, तेवढं सांगा. सुरुवात मी करते.

सुरगाण्याच्या पाड्यांवर सहा वर्षं मी कुपोषण तपासायला टेपनं पोरांचे दंड मोजले. मग दक्षिण सुदान, बेंटिऊची छावणी. २०१३ च्या डिसेंबरात जुबात लढाई पेटली, आणि पुढे या एका छावणीत लाखावर माणसं येऊन राहिली. तिथेही हातात तीच टेप. डाव्या दंडाचा मध्य शोधायचा, टेप गुंडाळायची. ११.५ सेंटिमीटरच्या आत म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. अशा बाळाला शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं, एकेकात ५०० कॅलरी.

पहिल्याच आठवड्यात एका मुलीला माझ्याकडून टेप आवळली गेली. लाल आली. आईनं पाकिटासाठी हात पुढे केला. मनात शंका आली म्हणून टेप सैल धरून पुन्हा मोजलं, तर पिवळी, म्हणजे मध्यम कुपोषण! तिला दुसऱ्या रांगेत पाठवावं लागलं. ती काही बोलली नाही, पोरीच्या दंडावर टेपचा वळ उठला होता तिथे चोळत राहिली. नियम बरोबर होता, तरी मला तो हात विसरता येत नाही.

देवळाली कॅम्पहून, निवृत्त परिचारिका : ताई, मला १९७१ आठवलं. वडील लष्करात, म्हणून आम्ही बंगालात होतो. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे, आणि त्यात कॉलरा. सलाइन पुरेना. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पाजायला लावलं, तेही नातेवाइकांच्या हातून. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आमच्या छावणीतही मग तेच सुरू झालं. लिटरमागे साडेतीन ग्रॅम मीठ, अजून तोंडपाठ आहे. उलटी झाली तरी थांबायचं नाही, पुन्हा चमचा लावायचा. रात्रभर आजोबाला पाजणारी आठ-नऊ वर्षांची एक पोर होती. पहाटे आजोबांनी स्वतःहून पेला मागितला.

सिडकोतून : मी येमेनमध्ये, एडनला परिचारक होतो. ३१ मार्च २०१५ ला नौदलाच्या सुमित्रा जहाजानं आम्हा ३४९ जणांना जिबूतीकडे नेलं. निघताना औषधांच्या कपाटाची किल्ली तिथल्या सिस्टरकडे दिली. तिला न्यायला जहाज येणार नव्हतं. दर ईदला मेसेज टाकतो. यंदा तिनं वॉर्डाचा फोटो पाठवला. कपाट तेच आहे.