शब्दचर्चा : शस्त्रविक्रेत्यांसाठीचे ‘गाइडन्स’ मराठीत कसे लिहावे?

प्रश्न

अमेरिकेतील परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांना तेथील केंद्रीय यंत्रणेकडून, म्हणजे ब्यूरो ऑफ अल्कोहोल, टोबॅको, फायरआर्म्स अँड एक्स्प्लोझिव्ह्ज अर्थात एटीएफकडून, वेळोवेळी जे लेखी ‘गाइडन्स’ मिळते, त्याविषयी मी एक माहितीपर लेख लिहीत आहे. पहिल्याच परिच्छेदात अडलो. ‘मार्गदर्शक सूचना’ हा शब्द करोनाच्या काळात वृत्तपत्रांनी इतका वापरला, की तो वाचताच आपल्याकडील वाचक ‘मोडल्यास दंड’ असाच अर्थ घेतो; मूळ शब्दात मात्र ती सक्ती दिसत नाही. ‘विलफुली’, ‘स्ट्रॉ पर्चेस’, ‘बाउंड बुक’ आणि ‘ट्रान्सफर’ या शब्दांचीही हीच अडचण आहे. जाणकारांनी मत द्यावे.

पहिले उत्तर

आपली शंका रास्त आहे, कारण ‘सूचना’ हा मराठीत फारच लवचिक शब्द आहे. वरिष्ठांची सूचना म्हणजे जवळजवळ हुकूम. फलकावरची सूचना म्हणजे केवळ खबर. आणि नगरपालिका ‘हरकती व सूचना’ मागवते तेव्हा तोच शब्द नागरिकांनी सरकारला दिलेल्या सल्ल्याचा वाचक होतो. गंमत अशी, की अमेरिकी नियम आणि अमेरिकी गाइडन्स यांतला मुख्य भेद नेमका याच ‘हरकती व सूचना’ प्रक्रियेचा आहे.

उतरंड अशी आहे. वर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, केलेला कायदा : 1968 चा गन कंट्रोल ॲक्ट. त्याला ‘अधिनियम’ म्हणावे. त्याखाली एटीएफने केलेले विनियम, जे केंद्रीय विनियमांच्या संहितेत 27 व्या शीर्षकाच्या 478 व्या भागात आहेत. असे विनियम करताना 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्याहीखाली येते गाइडन्स : सर्व परवानाधारकांना उद्देशून लिहिलेली पत्रे, वार्तापत्रे, प्रश्नोत्तरे, हस्तपुस्तिका. यांसाठी ती प्रक्रिया करावी लागत नाही, आणि म्हणूनच त्यांना स्वतःचे असे कायद्याचे बळ नसते.

तेव्हा पहिल्या पायरीला ‘अधिनियम’, दुसरीला ‘विनियम’ आणि तिसरीला ‘मार्गदर्शन’ किंवा ‘मार्गदर्शनपर पत्र’ असे शब्द ठरवावेत आणि लेखभर ते सोडू नयेत. तिसऱ्या पायरीवर ‘नियम’ हा शब्द चुकूनही वापरू नये. ‘ओपन लेटर’चा ‘अनावृत पत्र’ हा रूढ प्रतिशब्द येथे टाळलेला बरा. मराठीत अनावृत पत्र म्हटले की कोणाची तरी झाडाझडती डोळ्यांपुढे येते. ‘परिपत्रक’ मला अधिक जवळचा वाटतो.

प्रश्नकर्ता

‘परिपत्रक’ म्हटल्यावर ते बंधनकारक आहे असे वाचकाला वाटणार नाही का? आपल्याकडे कार्यालयात परिपत्रक आले की संपलेच.

पहिले उत्तर, पुढे

कार्यालयातल्या कर्मचाऱ्यावर ते बंधनकारक असते, न्यायालयावर नसते. अमेरिकेतही थोडेफार तसेच आहे, आणि त्याचे एक नेमके उदाहरण देता येईल. सप्टेंबर 2011 मध्ये एटीएफने सर्व परवानाधारकांना एक पत्र पाठवले. एखाद्या राज्याने औषधी गांजाला मुभा दिली असली तरी केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने गांजाचा वापर बेकायदाच राहतो. म्हणून ग्राहकाकडे औषधी गांजाचे ओळखपत्र आहे हे विक्रेत्याला ठाऊक असेल, तर तो ग्राहक बेकायदा अमली पदार्थ वापरणारा आहे असे मानण्यास त्याला वाजवी कारण मिळते आणि त्याने शस्त्र देऊ नये, असे त्या पत्राचे म्हणणे होते. पुढच्याच महिन्यात नेवाडा राज्यातील एका महिलेला विक्रेत्याने पिस्तूल नाकारले. प्रकरण ‘विल्सन विरुद्ध लिंच’ या नावाने नवव्या सर्किटच्या, म्हणजे नवव्या न्यायविभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयापर्यंत गेले आणि 2016 मध्ये निकाल लागला, की हे पत्र केवळ अर्थ सांगणारे आहे, नवा नियम घालणारे नाही. त्यामुळे हरकती व सूचना मागवल्या नाहीत म्हणून ते रद्द ठरत नाही.

म्हणजे कागदोपत्री पत्राने काहीच नवे सांगितले नव्हते, आणि तरीही काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाने पत्र वाचून विक्री थांबवली. आपल्या लेखातला शब्द हे दोन्ही सांगणारा हवा. ‘मार्गदर्शनपर परिपत्रक’ असे जोडनाव केले तर ते साधते, असे मला वाटते.

दुसरे उत्तर (टेक्सासमधून)

एका परवानाधारक दुकानाच्या नोंदवह्या तपासण्याचे काम मी करतो, म्हणून ‘बाउंड बुक’पासून सुरुवात करतो. ‘बांधीव वही’ हे शब्दशः बरोबर असले तरी त्याने बोध काहीच होत नाही. या वहीत प्रत्येक शस्त्राचा उत्पादक, नमुना, अनुक्रमांक, प्रकार आणि कॅलिबर लिहून ते कोणाकडून केव्हा आले आणि कोणाकडे केव्हा गेले हे नोंदवायचे असते. आलेल्या शस्त्राची नोंद पुढच्या कामकाजाच्या दिवसअखेर, तर गेलेल्याची सात दिवसांच्या आत करावी लागते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही कार्यालयात पाय ठेवलेल्या माणसाला यासाठी तयार शब्द ठाऊक आहे : आवक-जावक नोंदवही. तोच वापरा. हल्ली अनेक जण ती संगणकावर ठेवतात, त्यामुळे ‘बांधीव’ शब्द तसाही लंगडा पडतो.

‘ट्रान्सफर’ला ‘विक्री’ म्हणू नका, ‘हस्तांतरण’ म्हणा. दुकानाच्या मालकीचे शस्त्र विक्रेत्याने कोणाला भेट दिले, तरी पैसे न घेताही हस्तांतरण होते आणि 4473 क्रमांकाचा नमुना, म्हणजे शस्त्र घेणाऱ्याने आपली माहिती लिहून द्यायचा एटीएफचा अर्ज, भरावाच लागतो. उलट, दुरुस्तीला आलेली बंदूक ज्याची त्याला परत देताना हा नमुना लागत नाही. दुरुस्तीची बंदूक रात्री दुकानात राहिली तर तिची आवक-जावक नोंद मात्र हवी. गिऱ्हाईक समोर थांबले असताना त्याच दिवशी काम करून दिले तर तीही नको. असे बारकावे ‘विक्री’ या शब्दात मावत नाहीत.

आता ‘विलफुली’. माझ्या मते आपल्या लेखातला सर्वांत अवघड शब्द हाच आहे, आणि गाइडन्सचे खरे वजनही याच शब्दामुळे आहे. 1968 च्या मूळ अधिनियमात कोणतेही उल्लंघन परवाना रद्द करायला पुरेसे होते; 1986 च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टने त्यात हा एक शब्द घातला. तेव्हापासून नोंदी चुकल्या एवढ्यावर भागत नाही, त्या ‘विलफुली’ चुकवल्या असे दाखवावे लागते. ‘जाणूनबुजून’ लिहिले तर अर्थ ‘नोइंगली’कडे झुकतो. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये ‘ब्रायन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या परवान्याविना शस्त्रव्यवहाराच्या खटल्यात हा भेद स्पष्ट केला : ‘नोइंगली’साठी आपण काय करत आहोत एवढी वस्तुस्थिती माहीत असणे पुरते, ‘विलफुली’साठी आपले कृत्य बेकायदा आहे याचीही जाणीव लागते, मग नेमके कोणते कलम मोडले जात आहे हे माहीत नसले तरी चालते.

पहिले उत्तर, पुढे

कायद्याच्या मराठीत या जागी ‘बुद्धिपुरस्सर’ शब्द रुळलेला आहे आणि ‘नोइंगली’ला ‘जाणीवपूर्वक’. सामान्य वाचकाला ‘बुद्धिपुरस्सर’ जड वाटेल हे मान्य, पण ‘मुद्दाम’ लिहिले तर त्यात द्वेषाची छटा येते आणि ‘हेतुपुरस्सर’ लिहिले तर काही साध्य करण्याच्या हेतूची. विक्रेत्याचा हेतू वाईट असण्याची गरज नाही ना?

दुसरे उत्तर, पुढे

नाही. परवान्याच्या प्रकरणांत न्यायालये याहून पुढे गेली आहेत : आपले कर्तव्य माहीत असताना त्याकडे सरळ काणाडोळा केला, तरी ते ‘विलफुल’ ठरते. म्हणून लेखात पहिल्यांदा ‘बुद्धिपुरस्सर’ लिहून पुढे ‘म्हणजे कर्तव्य ठाऊक असून ते मोडणे किंवा त्याकडे काणाडोळा करणे’ असे एकदा सांगून टाकावे.

आणि येथेच मार्गदर्शन कामाला येते. परवाना देताना आणि तपासणीनंतर एटीएफचा निरीक्षक विक्रेत्यासमोर विनियमांची उजळणी करतो आणि ती झाल्याबद्दल सही घेतो. पुढच्या तपासणीत तीच चूक सापडली, तर ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणायची सोय उरत नाही. परिपत्रकांचेही तेच. त्यांना कायद्याचे बळ नसेल, पण विक्रेत्याला कर्तव्य माहीत होते याचा तो कागदी पुरावा असतो. त्यामुळे ‘गाइडन्स ऐच्छिक असते’ असे वाक्य आपण लिहिलेत, तर ते शब्दशः खरे आणि व्यवहारात दिशाभूल करणारे होईल. मार्गदर्शन बदलले की त्याचा जाचही बदलतो : 2021 मध्ये पाच प्रकारच्या गंभीर उल्लंघनांबाबत परवाना रद्द करण्याचे जे कडक धोरण आले, ते एप्रिल 2025 मध्ये मागे घेण्यात आले; अधिनियमातला ‘विलफुली’ तसाच राहिला.

प्रश्नकर्ता

‘स्ट्रॉ पर्चेस’साठी मी ‘बेनामी खरेदी’ लिहिले आहे. योग्य आहे का?

पहिले उत्तर, पुढे

मोह पडण्यासारखा शब्द आहे, कारण आपल्याकडील बेनामी व्यवहारातही पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे असते. ‘बेनामी’ मात्र ऐकताच काळा पैसा आणि जमिनी आठवतात, आणि खरा मालक काहीतरी दडवतो आहे असे गृहीत धरले जाते. अमेरिकी कायद्यात तसे असणे आवश्यक नाही. 2014 च्या ‘अब्राम्स्की विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ खटल्यात एका माजी पोलिसाने आपल्या नातेवाइकासाठी, त्याच्याच पैशाने, पिस्तूल घेतले होते. दोघेही शस्त्र बाळगण्यास पात्र होते. तरीही 4473 वर ‘प्रत्यक्ष खरेदीदार मीच’ असे लिहिणे हे महत्त्वाचे खोटे विधान ठरले, पाच विरुद्ध चार अशा मतांनी. स्वतःच्या पैशाने घेऊन कोणाला खरोखर भेट देणे मात्र चालते. मी ‘नावापुरता खरेदीदार’ आणि ‘दुसऱ्याकरिता केलेली खरेदी’ असे सुचवीन. शब्दकोश उघडून ‘बुजगावणे’ वगैरे करू नये.

दुसरे उत्तर, पुढे

सहमत. यात आणखी एक भर घालावी, की 2022 च्या कायद्याने अशी खरेदी स्वतंत्र गुन्हा झाली आहे आणि तिला 15 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याच कायद्याने विक्रेत्याची व्याख्याही हलवली. 1986 पासून ‘उपजीविका आणि नफा’ हा मुख्य उद्देश असलेला तो व्यावसायिक, असे होते. आता ‘प्रामुख्याने नफा मिळवण्यासाठी’ एवढेच आहे. त्यामुळे ‘एंगेज्ड इन द बिझनेस’साठी ‘पोटापाण्याचा धंदा’ ही छटा येणारा शब्द नको, ‘व्यवसाय करणारा’ पुरे. किती शस्त्रे विकली म्हणजे व्यवसाय, याचा आकडा कायद्यात कोठेही नाही. तो शोधत बसू नका.

प्रश्नकर्ता

शेवटची शंका. पार्श्वभूमी तपासणीत, म्हणजे ग्राहक शस्त्र घेण्यास पात्र आहे का या चौकशीत, ‘डिलेड’ असे उत्तर आले आणि कामकाजाचे तीन दिवस उलटले, तर विक्रेता ‘मे ट्रान्सफर’. मी लिहिले, ‘शस्त्र देऊ शकतो’.

पहिले उत्तर, पुढे

‘शकतो’ने कुवत आणि परवानगी दोन्ही सूचित होतात आणि सक्ती नाही हे स्पष्ट होत नाही. ‘देण्याची मुभा आहे, बंधन नाही’ असे लिहावे. ‘डिलेड’ला ‘प्रलंबित’ चालेल. ‘नाकारले’ याच्याशी गल्लत होता कामा नये.

दुसरे उत्तर, पुढे

आणि दिवस मोजण्याची रीतही द्यावी, कारण नवा माणूस तेथेच चुकतो. चौकशी गुरुवारी केली तर गुरुवार धरायचा नाही. शुक्रवार, सोमवार, मंगळवार हे तीन दिवस संपले की बुधवारी मुभा मिळते. मध्ये राज्य सरकारी कार्यालये बंद असलेला दिवस आला तर तोही वगळायचा. ग्राहक 21 वर्षांखालील असेल तर 2022 पासून ही मुदत दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत लांबू शकते. ही मुभा किती महागात पडू शकते ते 2015 मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांची हत्या झाली तेव्हा दिसले : मारेकऱ्याची तपासणी प्रलंबित असतानाच तीन दिवस उलटले आणि त्याला पिस्तूल मिळाले, असे एफबीआयच्या तेव्हाच्या संचालकांनी जाहीर केले. त्यामुळे तीन दिवस होऊन गेल्यावरही स्पष्ट होकार येईपर्यंत शस्त्र ग्राहकाच्या हाती न देणारे विक्रेते आहेत, आणि तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आपल्या वाक्यात ‘मुभा’ हा शब्द आला तरच त्यांचे हे वागणे वाचकाला नियमबाह्य वाटणार नाही.