वाटीडाळीचं (म्हणजे वाटलेल्या डाळीचं) खमण: मधे गिच्च, वर लाल ठिपके

मांजलपूरकर: दोन वाट्या हरभऱ्याची डाळ सहा तास भिजवून बारीक वाटली, रात्रभर आंबवली, सोडा घालून २० मिनिटं वाफवली. मधे गिच्च, वर लाल ठिपके. काय चुकतंय?

रावपुरा: वाटण फार गुळगुळीत झालंय. बोटांत चोळल्यावर बारीक रव्यासारखं लागायला हवं. दोन चमचे आंबट दही घालून वाटा, पाणी पाव वाटीच्या वर नको. पीठ चमच्यावरून धार न धरता गोळ्यानं पडलं पाहिजे. थर इंचभरच, आणि पाण्याला उकळी आल्यावरच थाळी आत ठेवा.

सुगरण: ठिपके सोड्याचे. तो नीट मिसळला नाही की त्या जागी हळद लाल होते. अर्धा चमचा सोडा दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवा, चमचाभर तेलासह पिठात भराभर फेटा आणि लगेच वाफवा. झाकणाला पंचा बांधाच! वरून ठिबकणाऱ्या पाण्यानंही खमण बसतं.

मांजलपूरकर: बडोद्याच्या मे महिन्यात रात्रभर ठेवायचं का?

रावपुरा: नको, आंबट ढाण होईल. पाच-सहा तास पुरे. थंडीत मात्र दहा-बारा लागतात.