हातातली विद्या शिकवायला वडीलधाऱ्यांना कसे पुढे आणावे?

प्रश्न : बोरीकाठ

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी वाचनालयाच्या ओसरीवर गेल्या चैत्रापासून आम्ही पंधरा-वीस बायका दर रविवारी दुपारी जमतो. जिला जे येते ते तिने इतरांना शिकवावे, असे आम्ही ठरवले होते. कुणी खापरावरचे मांडे शिकवावेत, कुणी गोधडीचे टाके, कुणी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी मोबाइलवरून पैसे पाठवणे व सातबारा पाहणे शिकवावे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात मुलींचे शिकवणे सुरळीत चालले आहे, वडीलधाऱ्या बायका मात्र गप्प बसून असतात. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना मी तीनदा विनवले आणि तिन्ही वेळा त्या एवढेच म्हणाल्या, "माले काय येस, माय?" त्यांच्या हातचे मांडे खायला शेजारच्या गावांतून पाहुणे येतात. एकदा आग्रहाखातर त्या पुढे येऊन बसल्या, मी फळ्यावर साहित्य आणि मापे लिहून घेऊ लागले, तेव्हा त्या अधिकच अवघडल्या आणि थोड्या वेळाने काम असल्याचे सांगून निघून गेल्या. चूक माझीच झाली असावी, पण ती नेमकी कोणती हे मला उमगलेले नाही. आपल्यापैकी कुणी असे काही केले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : एरंडोलची सून

ताई, माझ्या मते मापांनीच घात केला. मी लग्न होऊन एरंडोलला आले तेव्हा सासूबाईंकडून मांडे शिकण्यासाठी मीही वही घेऊनच बसले होते. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचे, इथपर्यंत त्या सांगू शकल्या. पण कणीक किती वेळ तिंबायची, असे विचारले की त्या थांबत. तो हिशेब त्यांच्या तोंडात नव्हताच, मनगटात होता. माणसाला जे शब्दांत सांगता येत नाही ते आपल्याला येतच नाही, असे फळ्यासमोर बसले की वाटू लागते, आणि जन्मभर उत्तम काम केलेली बाईसुद्धा "मला काय येते" म्हणून मोकळी होते. पुढे सासूबाईंनी वही बाजूला ठेवायला लावली, माझा हात कणकेत धरला आणि ती ताणल्यावर न तुटता कशी लांबते ते बोटांना दाखवले. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवणे मला साधायला दोन उन्हाळे लागले.

याहून महत्त्वाची गोष्ट नंतर घडली. मला क्रोशाचे विणकाम येत असे आणि सासूबाईंना ते शिकायचे होते. त्या टाके चुकवत, उसवत, पुन्हा विणत. आणि त्यांना चुकताना मी पाहिले, त्या दिवसापासून माझी कणीक बिघडली तर त्या संकोच न करता सांगू लागल्या. तोवर सुनेला टोचेल म्हणून त्या पुष्कळ काही गिळत होत्या, हे मला तेव्हा कळले. पुढे त्यांनी क्रोशातली एक कुयरी जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर साध्या धावदोऱ्याने उतरवली. ती ना माझी राहिली होती, ना केवळ त्यांची. म्हणून माझी सूचना अशी की, आजींना शिकवायला बोलावू नका, शिकायला बोलवा. आणि त्याच बैठकीत त्यांच्या हातचे काम समोर राहील अशी व्यवस्था करा.

उत्तर : धुळेकर (निवृत्त शिक्षक)

वरील अनुभव मला मोलाचा वाटला, तरी लिहून घेणे सर्वस्वी टाकून देऊ नये. १९३२ साली आमच्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि सोबतच्या बंद्यांतील साने गुरुजींनी ती सारी उतरवून घेतली, म्हणूनच ती आज आपल्याला वाचता येतात. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, व आणखी एका नातलगाने टिपून ठेवली नसती, तर ती आसोदे-जळगावच्या शिवारातच विरून गेली असती. मात्र दोन्ही ठिकाणी सांगणारा आपल्या ओघात होता आणि लिहिणाऱ्याने त्याला अडवले नव्हते. फळा पुसा, वही मागे बसणाऱ्या मुलीच्या हाती द्या, आणि कानबाईच्या गाण्यांपासून सुरुवात करा, कारण ती एकटीने म्हणायची नसतात.

उत्तर : केळीवाला, रावेर

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. अनुभवाचा मान राखताना त्याला प्रश्न विचारण्याची मुभाही असली पाहिजे. माझे वडील केळीला वर्षानुवर्षे पाट भरून पाणी देत आले. ठिबकवर झाडाला मोजके पाणी पुरते, हे त्यांना मान्य होईना. मी बागेचा एक तुकडा मागून घेतला आणि मृगबागेच्या एका हंगामात दोघांनी मिळून घड पाहिले, तेव्हा ते वळले. उलट, बागेच्या पश्चिमेला शेवरी लावण्यात जागा वाया जाते, असे मी म्हणत असे. मे महिन्यातल्या उष्ण वाऱ्याने शेजारच्या उघड्या बागेची पाने चिंध्या झालेली पाहिली, तेव्हा मी गप्प झालो. तोंडाने आम्ही एकमेकांना काहीच पटवू शकलो नव्हतो. तुमच्या ओसरीवरही मुलींना "असेच का?" हे विचारता यावे, नाहीतर आदरापोटी त्या नुसत्या माना डोलावतील.

बोरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल मी फळा लावला नाही. ओसरीसमोर तीन दगडांची चूल मांडली, खापर पालथे ठेवले आणि एका मुलीला कणीक मळायला सांगितले. आजींना मात्र सातबारा पाहायला म्हणून बोलावले होते. त्या मोबाइलवर गट नंबर टाकायला शिकत होत्या आणि दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा उतारा उघडला, तेव्हा त्यांनी आपले नाव मुलीकडून दोन वेळा वाचून घेतले. मग एकाएकी कणकेकडे लक्ष जाऊन त्या उठल्या, पीठच जाडे चाळले आहे असे म्हणाल्या आणि परात ओढून घेतली. मुलीने रावेरच्या दादांचा प्रश्न विचारलाच, की एवढे तिंबायचे कशासाठी. आजींनी उत्तर दिले नाही. अर्धी कणीक तशीच बाजूला ठेवली आणि दोन्हींचे मांडे तिलाच करायला लावले. कमी तिंबलेला मांडा हातावरच फाटला.

पुढच्या खेपेला गहू ओलवण्यापासून सुरुवात करायची, असे त्यांनीच सांगितले आहे, त्यामुळे आम्हाला शनिवारी संध्याकाळीच जमावे लागेल.